एकाच खोडावर दोन गिऱ्हाईकं: सुतार ठोकतो, शिलींध्री उलटी उतरते

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. सुतार पक्ष्याच्या कवटीत निसर्गाने कुशन बसवलंय, त्याची जीभ मेंदूला सीटबेल्टसारखी गुंडाळलेली असते, त्यावरून म्हणे शास्त्रज्ञांनी हेल्मेट बनवलं, आणि खाली हात जोडलेले तीन इमोजी. मी नुसतं "यातलं निम्मं चुकीचं आहे" असं टाइप केलं आणि अडकलो, कारण लगेच चौघांनी विचारलं की मग खरं काय ते सांग. सुताराबद्दल सांगायला बसलो की मला दुसरा एक पक्षी आठवतो आणि त्याच्याशिवाय सुतार नीट समजतच नाही असं माझं मत आहे. म्हणून दोघांबद्दल एकदमच लिहितोय.

तो दुसरा पक्षी मला भाच्याने दाखवला होता. गेल्या डिसेंबरात आंबोलीला गेलो होतो, सकाळी साडेसातची वेळ, धुकं अजून झाडातच अडकलेलं. मी मान वर करून एका मोठ्या सुताराच्या मागे लागलेलो, आणि हा नऊ वर्षांचा पोरगा माझी बाही ओढतोय, "मामा, तो बघ ना, तो निळा पक्षी पडतोय." बघितलं तर पडत नव्हता. सुतार ज्या खोडावर बसून ठोकत होता त्याच खोडावरून, त्याच्यापासून हातभर अंतरावरून, डोकं खाली शेपटी वर करून तो निळा पक्षी आरामात चालत खाली येत होता. ती शिलींध्री. आणि भाच्याचा पुढचा प्रश्न होता, "मग ते दोघं भांडत का नाहीत?" हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं पडलेला आहे, हे तेव्हा त्याला सांगितलं नाही, नाहीतर चहा राहिला असता.

आधी ओळख करून घेऊ

सुतार सगळ्यांना माहीत असतो, पण आपल्याकडे सुताराच्या बऱ्याच जाती आहेत आणि गावात माडावर, आंब्यावर दिसतो तो बहुतेक वेळा साधा सोनपाठी सुतार. आंबोलीच्या खोडावर होता तो त्याचा मोठा भाऊबंद, पुस्तकात त्याला मलबार फ्लेमबॅक म्हणतात. जवळपास फूटभर लांब, वजन दीडशे ग्रॅमच्या पुढे, पाठ सोनेरी, नराच्या डोक्यावर लाल तुरा, मादीचा तुरा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. दोघांत गोंधळ होत असेल तर उडताना कंबर बघा. मोठ्याची लाल, गावातल्याची काळी. बाकी पक्षी ओळखायच्या भानगडी इथे नकोत.

शिलींध्री, म्हणजे इंग्रजीत जिला व्हेल्व्हेट-फ्रंटेड नटहॅच म्हणतात ती, त्याच्यासमोर अगदीच चिमुकली. १२ सेंटिमीटर, वजन १०-१५ ग्रॅम, म्हणजे चहात घालतो ती दोन-तीन चमचे साखर. वरून जांभळट निळी, कपाळावर मखमली काळा पट्टा, डोळा पिवळा आणि चोच पोवळ्यासारखी लाल. नराला डोळ्यावरून मागे जाणारी एक बारीक काळी भुवई असते, मादीला नसते. दुर्बीण लावून एकदा नीट बघितली की माणूस दिवसभर सगळ्यांना तेच सांगत सुटतो.

रेनफॉरेस्ट म्हणजे अमेझॉन ना, आंबोली कुठून आली मधे?

ही शंका हमखास येते. रेनफॉरेस्ट म्हणजे भरपूर पावसाचं, बारा महिने हिरवं राहणारं उष्ण प्रदेशातलं जंगल, आपल्या भाषेत सदाहरित जंगल. ते अमेझॉनला आहे, काँगोत आहे, बोर्निओत आहे आणि आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम अंगालाही आहे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, यापेक्षा जास्त ओलं काय हवं. आपलं जंगल उंचीला तिकडच्याइतकं नाही, उत्तर सह्याद्रीत वारा आणि सात-आठ महिन्यांचा कोरडा काळ यामुळं झाडं जरा बुटकी राहतात, अंजनी, जांभूळ, पिसा अशी झाडं जास्त. पण घाटाखाली तिळारीच्या बाजूला किंवा गोव्यात मोलेला जा, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

साल म्हणजे झाडाची कातडी, एवढंच नाही

आता मूळ मुद्दा. आपण "साल" म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात एक सपाट तपकिरी गोष्ट येते. पक्ष्याच्या पोटाच्या बाजूने बघितलं तर साल म्हणजे दोन-तीन मजली बाजार आहे.

सगळ्यात वरचा मजला उघडा. त्यावर शेवाळ, आमरीची (म्हणजे ऑर्किडची) मुळं, आणि दगडफूल. हो, तेच गोडा मसाल्यातलं दगडफूल, ते दगडावर वाढतं तसं झाडाच्या सालीवरही वाढतं आणि त्याच्या कडांखाली कोळी, पतंगांची अंडी, बारीक अळ्या लपलेल्या असतात. दुसरा मजला भेगांचा. ऐनाचं खोड कधी हात लावून बघा, मगरीच्या पाठीसारखे चौकोन चौकोन आणि मधे बोट जाईल एवढ्या खोल चिरा. त्याच्याच शेजारी नाणा उभा असेल तर त्याची साल गुळगुळीत फिकट, कागदासारखे पापुद्रे सुटलेले. म्हणजे दोन झाडं शेजारी आणि लपायच्या जागा पूर्ण वेगळ्या. आणि तिसरा मजला आतला, सालीखाली आणि लाकडात, तिथे भुंगेऱ्यांच्या गुबगुबीत अळ्या लाकूड पोखरत बसलेल्या असतात, काही तर महिनोन् महिने बाहेरच येत नाहीत. खुराक एकदम भारी, पण दार बंद.

वरच्या दोन मजल्यांवर माल लहान आहे पण उघड्यावर आहे. तळघरात माल मोठा आहे पण फोडून काढावा लागतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर चालतं.

सुतार म्हणजे रूट कॅनाल

सुताराचं काम तळघरात. मला त्याला बघून कायम डेंटिस्ट आठवतो, आधी टिकटिक करून कुठे पोकळ लागतंय ते बघायचं, मग ड्रिल, मग बारीक हत्याराने आतलं ओढून काढायचं. हे सगळं करायला त्याला तीन गोष्टी लागतात.

पहिली म्हणजे घट्ट बसायची सोय. इलेक्ट्रिकच्या खांबावर चढलेला लाइनमन बघितलाय ना, कंबरेला पट्टा बांधून मागे रेलतो तेव्हा कुठे त्याचे दोन्ही हात मोकळे होतात. सुतार तेच शेपटीने करतो. त्याच्या शेपटीतली मधली पिसं कडक, दांडा जाड, ती खोडावर टेकवली की दोन पाय आणि एक शेपूट मिळून तिवई तयार. ही शेपूट एवढी कामाची आहे की पिसं झडायच्या वेळीही तिची काळजी घेतलेली असते, बऱ्याच पक्ष्यांत शेपटीची मधली पिसं आधी गळतात, सुतारात ती सगळ्यात शेवटी गळतात, बाजूची नवीन येऊन टेकायला तयार झाल्यावर. लाइनमन नवा पट्टा अडकवल्याशिवाय जुना सोडत नाही, तसंच.

दुसरी गोष्ट पाय. चिमणी-कावळ्याला तीन बोटं पुढे एक मागे, सुताराला दोन पुढे दोन मागे, आणि चढताना त्यातलं एक तो बाजूलाही वळवतो. तिसरी गोष्ट जीभ. हिच्याबद्दल फॉरवर्डमध्ये जे असतं त्यात थोडं तथ्य आहे. जिभेला आधार देणारी लांब लवचिक हाडं तोंडाच्या तळातून निघतात, कवटीच्या मागून वळसा घालून डोक्यावरून पार चोचीच्या मुळाशी येतात, त्यामुळं जीभ चोचीच्या बाहेर लांबवर काढता येते. टोकाला बारीक काटे आणि वर चिकट लाळ. अळीच्या बोगद्यात जीभ घातली, अळी अडकली, बाहेर ओढली, विषय संपला. पण हे सगळं कवटीच्या बाहेरून जातं, मेंदूला गुंडाळलेलं काही नसतं.

मग त्याचं डोकं दुखत नाही का?

सुतार सेकंदाला पंधरा-वीस वेळासुद्धा ठोकू शकतो (एवढ्या स्पीडने ठोकतो ते मात्र खाण्यासाठी नाही, ते त्याचं ढोल वाजवणं, हा एरिया माझा आहे अशी जाहिरात). एवढे दणके बसून मेंदूला काही होत कसं नाही, या प्रश्नावर १९७६ साली फिलिप मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं, आणि पुढे याच विषयावरच्या कामासाठी त्यांना आणि आयव्हन श्वाब यांना २००६ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते बक्षीस. तेव्हापासून "कवटीतलं स्पंजसारखं हाड दणका शोषून घेतं" ही कल्पना सगळीकडे पसरली आणि तिथून आपल्या ग्रुपपर्यंत आली.

२०२२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प युनिव्हर्सिटीच्या सॅम व्हॅन वासनबर्ग आणि त्यांच्या टीमने तीन जातींच्या सुतारांचे हायस्पीड व्हिडिओ काढले आणि चोच किती झपकन थांबते आणि डोकं किती झपकन थांबतं ते फ्रेम फ्रेम मोजलं. कुशन असतं तर डोकं चोचीपेक्षा हळू थांबायला हवं होतं. तसं झालं नाही. दोन्ही एकदमच थांबतात, म्हणजे डोकं हातोडीसारखं टणक आहे.

आणि विचार केला तर हे आपल्यालाही कळायला हवं होतं. हातोडीच्या तोंडाला रबर लावून खिळा ठोकून बघा. खिळा जाणारच नाही, सगळी ताकद रबर दाबण्यात जाईल. कवटीत कुशन असतं तर सुताराला तेवढीच अळी काढायला आणखी जोरात ठोकावं लागलं असतं, म्हणजे कुशनचा फायदा शून्य.

मग मेंदू वाचतो कसा? मुख्य म्हणजे तो लहान आहे. आंब्याखाली उभं राहा, वरून कैरी पडली तर तिला एक डाग पडेल. शेजारच्या झाडावरून तेवढ्याच उंचीवरून पिकलेला फणस पडला तर फुटून पसारा होईल. वस्तू सगळ्या बाजूंनी दहापट मोठी केली तर तिचा पृष्ठभाग शंभर पट होतो पण वजन हजार पट, म्हणजे प्रत्येक इंचावर येणारा भार वाढतो. आपला मेंदू सव्वा-दीड किलोचा, तो फणस. सुताराचा मेंदू ही कैरी, कैरीचंही बाळ. आपल्याला जो झटका चक्कर आणेल तो त्याला मेंदूच्या मोजमापात फारसा मोठा नसतो.

इथे कुणीतरी २०१८ चा अभ्यास पुढे करेल, बोस्टनमधल्या संशोधकांनी म्युझियममध्ये ठेवलेले सुतारांचे मेंदू तपासले तेव्हा बहुतेकांत टाऊ नावाच्या प्रोटीनचे साठे दिसले, जे माणसात डोक्याला वारंवार मार बसल्यावर दिसतात. खरंय. पण तो साठा म्हणजे इजा झाल्याची खूण की इजा होऊ नये म्हणून केलेली तरतूद, हे नुसत्या साठ्यावरून ठरत नाही. त्यामुळं "सुताराला काहीच होत नाही" असं छातीठोक सांगू नका आणि "बिचाऱ्याला रोज कन्कशन" असंही नको.

शिलींध्री उलटी का चालते?

आता माझ्या आवडीच्या पक्ष्याकडे. शिलींध्रीकडे ड्रिल नाही, लांब जीभ नाही, शेपूट तर आखूड आणि मऊ, टेकायला बिनकामाची. पाय साधे, चिमणीसारखेच तीन पुढे एक मागे, फक्त नख्या लांब आणि मागचं बोट दणकट. म्हणजे दुकानात सामान काहीच नाही आणि तरी ती जे करते ते सुताराला जमत नाही.

आपण शिडीवरून उतरताना पाठमोरे उतरतो, सुतारही तसंच करतो, तोंड वरच ठेवून मागे मागे सरकतो, कारण टेकायची शेपूट खालच्याच बाजूला लागते. शिलींध्रीला शेपटीची गरजच नाही. तिची युक्ती पायांच्या अंतरात आहे. दोन्ही पाय एका रेषेत ठेवत नाही, एक वर एक खाली. वरच्या पायाने लटकायचं, खालच्याने टेका द्यायचा. भाच्याला मी घराच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर डोकं खाली करून एक हुक पायात अडकवल्याची कल्पना करायला सांगितली, त्याने ती प्रत्यक्षात करायचा प्रयत्न केला, त्यावर ताईकडून मी जे ऐकलं ते इथे नको.

तर, लटकता येतं म्हणून तिला वर, खाली, आडवं, फांदीच्या पोटाखालून, कुठूनही चालता येतं. पण उलटं चालायचा फायदा काय? यावर जे उत्तर साधारण मान्य आहे ते सोपं आहे. कपाटाच्या वर साठलेली धूळ खाली उभं राहून कधी दिसते का? स्टुलावर चढून वरून बघितलं की मग कळतं किती दिवस पुसलं नाही ते. सालीच्या चिरा, पापुद्रे, दगडफुलाच्या कडा यांच्याही वरच्या बाजूला काय लपलंय ते खालून वर चढणाऱ्या पक्ष्याला दिसत नाही. वरून खाली येणारीला दिसतं. झाड तेच, चिरा त्याच, फक्त बघायची दिशा बदलली आणि नवं मार्केट उघडलं.

ती खाते काय, तर कोळी, किडे, त्यांची अंडी. इंग्रजी नावात नट असलं तरी त्यावर जाऊ नका, ते नाव थंड प्रदेशातल्या भावंडांवरून पडलंय, ती शेंगदाण्यासारख्या कठीण बिया सालीच्या फटीत ठोकून बसवतात आणि फोडतात. आपली मखमली मुख्यतः किड्यांवर जगते. सुतार रूट कॅनाल, तर ही टूथपिक. आणि जेवणानंतर टूथपिक किती वेळा लागते आणि रूट कॅनाल किती वेळा, हे बघितलं तर टूथपिकचा धंदा कमी समजायचं कारण नाही.

एकाच झाडावर दोघं, मग मारामारी का नाही?

आलो भाच्याच्या प्रश्नावर. १९३४ च्या सुमारास मॉस्कोत गेओर्गी गाउसे नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने पॅरामिशियम या एकपेशी जीवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवल्या. वेगवेगळ्या नळीत दोन्ही मजेत होत्या, एकत्र ठेवल्यावर एक टिकली आणि दुसरी संपली. त्यावरून जो नियम आला तो आपल्या गल्लीतही लागू आहे, एकाच टपरीच्या जागेवर, एकाच वेळी, एकच वडापाव विकणारे दोघं फार काळ टिकत नाहीत. पण एक वडापाव आणि शेजारी उसाचा रस असेल तर दोघांचंही चालतं, उलट गर्दी वाढते. जीवशास्त्रात या "कोण, कुठे, कधी, काय खाऊन जगतो" या सगळ्या गाठोड्याला निश म्हणतात. हा एकच शब्द लक्षात ठेवा.

पुढे १९५८ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थरने अमेरिकेतल्या स्प्रूसच्या झाडांवर राहणारे पाच जातींचे छोटे वॉर्बलर बघितले. पाचही किडेखाऊ, साधारण एकाच मापाचे. तासन्‌ तास बघितल्यावर कळलं की कुणी शेंड्याला जास्त असतो, कुणी मधे, कुणी बुंध्याकडे, शोधायच्या सवयीही वेगळ्या. झाड एक, निश पाच.

आपल्या जोडीत तर फरक आणखी ठळक आहे. वजनात दहापटीहून जास्त तफावत, त्यामुळं मोठा सुतार जाड खोड आणि मोठ्या फांद्या धरून, शिलींध्री बारीक फांदीच्या टोकापर्यंत जाते. एक सालीच्या आत शोधतो, एक सालीच्या पृष्ठभागावर. एक वर चढत, एक खाली उतरत. थोडं सामाईक असतंच, सुतारही सालीवरच्या मुंग्या टिपतो, पण तेवढ्याने कुणाचं दुकान बंद पडत नाही.

उलट हिवाळ्यात ही मंडळी एकत्रच फिरतात. पक्षी बघणारे ज्याला मिक्स्ड फ्लॉक म्हणतात तो मिश्र थवा आंबोलीत सकाळी एकदा आला की दहा मिनिटं काय बघू न काय नको होतं, आणि मग एकदम शुकशुकाट. त्यात सुतार, शिलींध्री, टिटमाऊस, आणि भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन लांब तारा लावल्यासारखा तो कोतवाल. भृंगराज सुतारांच्या मागे मागे असतो कारण ठोकाठोकीने उडालेले किडे त्याला आयते मिळतात, आणि शिक्रा आला की आरडाओरडा करून सगळ्यांना सावधही तोच करतो. जास्त डोळे, जास्त कान, कुणी तरी बघतंय म्हणून प्रत्येकाला खायला जास्त वेळ. शिलींध्रीला तर हे फार गरजेचं आहे, सालीत तोंड खुपसून उलटं लटकताना मागे कोण येतंय ते कसं दिसणार.

मग हे दोघं नातेवाईक तरी आहेत ना?

नाही! खोडावर दोघं शेजारी दिसतात म्हणून तसं वाटतं. सुताराचा जवळचा नातलग हवा असेल तर भर दुपारी टुक टुक टुक करणारा तांबट बघा, तोही लाकडात भोक पाडून घरटं करतो. शिलींध्री मात्र चिमणी, बुलबुल, कावळे यांच्या मोठ्या खानदानातली. म्हणजे नात्याने ती कावळ्याला जवळ आहे, सुताराला नाही.

काम सारखं असलं की वेगवेगळ्या घरातली माणसंही सारखीच अवजारं घेतात, याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात आणि सालीवर जगणारे पक्षी हे तिचं फार सुंदर उदाहरण आहे. अमेझॉनच्या जंगलात वुडक्रीपर नावाचे पक्षी आहेत, ते शिलींध्रीच्याच मोठ्या खानदानातले पण लांबच्या शाखेतले, पाय साधे, ड्रिल करत नाहीत, चोचीने चाचपतात, पण शेपूट बघाल तर सुतारासारखी कडक, टोकाला काटेच. त्याच जंगलात सुतारही आहेत. तिथेही तोच हिशोब, एक फोडणारा, एक चाचपणारा, फक्त चाचपणाऱ्याने तिथे उलटं उतरायच्या ऐवजी टेकून चढायचं ठरवलं.

मादागास्करमध्ये सुतार पोचलेच नाहीत. तिथे लाकडातल्या अळ्या काढायचं काम करतो आय-आय, म्हणजे चक्क माकडांच्या लांबच्या नात्यातला एक निशाचर प्राणी, बोटाने टकटक करून ऐकतो, दातांनी कुरतडतो आणि बारीक लांब मधल्या बोटाने अळी ओढतो. त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या रेनफॉरेस्टमध्ये एक निळा, पोवळ्यासारख्या लाल चोचीचा छोटा पक्षी खोडावर फिरतो, फोटो बघितला तर तुम्ही शपथेवर सांगाल की आंबोलीचीच शिलींध्री. तो व्हँगा, म्हणजे वेगळ्याच कुळातला पक्षी, शिलींध्रीशी काही संबंध नाही, आणि तो वरच्या दिशेनेच चढतो. हवाईतल्या एका बेटावर तर अकिआपोलाआउ नावाचा पक्षी दोन्ही धंदे एकट्याने करतो, खालची चोच आखूड सरळ, तिने ठोकतो, वरची लांब वाकडी, तिने उचकटतो. ठोकताना वरची चोच बाजूला धरतो. माझ्या यादीत प्रत्यक्ष बघायच्या पक्ष्यांत तो पहिला आहे, तिकिटाचे पैसे सोडून सगळं तयार आहे.

सुतार झाडाचं वाटोळं करतो, हे तरी खरं ना?

कोकणात ही तक्रार ऐकू येते, माडाला भोकं पाडतो म्हणून. पूर्ण खोटं नाही, गावातला सोनपाठी सुतार केरळातल्या कोकोच्या बागांत फळं फोडतो अशा तक्रारी नोंदलेल्या आहेत. पण माडाच्या खोडावर सुतार चिकाटीने ठोकतोय म्हणजे आत बहुतेक वेळा काहीतरी आहे, आणि माडात ते काहीतरी म्हणजे सोंड्या भुंग्याच्या अळ्याही असू शकतात, ज्या झाड खरंच मारतात. डॉक्टरने एक्स-रे काढला म्हणून हाड मोडलं असं आपण म्हणत नाही. मला विचाराल तर सुताराला हाकलण्याआधी त्याने बोट कुठे ठेवलंय ते बघा.

जंगलात तर तो घर बांधणारा आहे. सुतार दर हंगामाला बहुधा नवी ढोली कोरतो, जुनी मोकळी राहते. तिच्यात मग पोपट येतात, मैना येतात, पिंगळे येतात, आणि शिलींध्रीही येते, कारण कठीण लाकडात ढोली खोदणं तिच्या चोचीचं काम नाही. मोठ्या सुताराची ढोली तिला फार मोठी पडते, दार मोठं म्हणजे साप-खारींना आमंत्रण. मैदानी भागातली तिची एक तांबूस पोटाची भावंडं असं मोठं दार चिखलाने लिंपून बारीक करतात. आपल्या मखमलीला लहान सुतारांच्या किंवा तांबटाच्या जुन्या ढोल्या बऱ्या पडतात. आंबोलीत असा एक छोटा सुतार आहे, पाठीवर पत्त्यातल्या बदामासारखे काळे ठिपके असलेला, चिमणीपेक्षा थोडाच मोठा.

म्हणजे सालीवर ज्याच्याशी स्पर्धा वाटते तोच घराचा बिल्डर. आणि बिल्डरला लागतं मऊ लाकूड, म्हणजे वठलेलं किंवा आतून कुजायला लागलेलं झाड. कोकणातल्या देवरायांत पडलेली काटकीही उचलायची नाही असा रिवाज जिथे अजून पाळतात तिथे अशी झाडं उभी राहतात. रबराच्या लागवडीत ती राहत नाहीत, सगळी झाडं एका वयाची, चीक आटला की एकदम तोडायची, म्हातारं व्हायला कुणाला वेळच नाही. लांबून दोन्हीकडे हिरवंगार दिसतं. ढोल्या मोजायला गेलात की फरक कळतो.

आंबोलीत आम्ही ज्यांच्या घरी उतरतो त्या काकांच्या आवारात एक वठलेलं जांभूळ होतं. पार्किंगवर पडेल म्हणून ते तोडणार होते, त्यांची काळजीही खरी होती. चहा पिता पिता बोलणं झालं, त्यांनी वरच्या फांद्या उतरवल्या आणि पंधरा फुटांचा बुंधा ठेवला, त्यात त्या बदामवाल्या सुताराची आदल्या वर्षीची ढोली होती. मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "अहो, तुमची ती उलटी चिमणी आलीय बघा. सकाळपासून तोंडात शेवाळ घेऊन त्या भोकात शिरतेय, आणि शिरतेय पण उलटीच."